आठ नंबरचा तक्ता

एम.बी.बी.एस.चा निकाल लागला की घरचे पेढे वाटतात आणि शेजारपाजारचे मुलाला डॉक्टर म्हणू लागतात. तो अजून डॉक्टर झालेला नसतो. त्याला आणखी एक वर्ष काढायचं असतं, इंटर्न म्हणून. गळ्यात स्टेथोस्कोप असतो, पण मृत्यूच्या दाखल्यावर सही करायचा अधिकार नसतो. मोठ्या डॉक्टरांच्या आधी वॉर्डात जायचं, रोग्याची हकिकत लिहायची, रक्त काढायचं, जखमा धुवायच्या आणि मोठे डॉक्टर आले की त्यांच्या मागून दोन पावलं अंतर ठेवून चालायचं. साधलं तर त्यांचं, फसलं तर आपलं. वर्ष संपताना ते एका कागदावर सही करतात आणि मग माणूस खरा डॉक्टर होतो.

या वर्षातले तीन महिने खेड्यात काढावे लागत. १९५८च्या जानेवारीत माझी रवानगी कुलाबा जिल्ह्यात झाली. रेवसच्या धक्क्यापासून चारेक मैलांवर, खाडीच्या तोंडाशी गाव होतं. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत, आणि आता मीही तिथंच राहतो.

दवाखाना म्हणजे एक लांबट कौलारू खोली आणि तीत आठ खाटा. खिडक्या खाडीकडे उघडायच्या. समोर काठ्यांवर बोंबील वाळत असायचे, त्यामुळे फिनेलचा वास आणि सुक्या मासळीचा वास यांत कायम मारामारी चाले आणि मासळी जिंकत असे. मनुबाई नावाच्या पन्नाशीच्या नर्सबाई होत्या. त्यांनी अर्ध्या गावाची बाळंतपणं केली होती आणि माझ्यासारखे सात-आठ इंटर्न आले-गेलेले पाहिले होते. मला त्या 'छोटे डॉक्टर' म्हणत. त्यांच्या तोंडी ते कौतुक नव्हतं.

मोठे डॉक्टर म्हणजे चौलकर. माणूस सज्जन, पण रोग्याकडे बघायचा त्यांना कंटाळा होता. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी खिळ्याला तापाचा तक्ता टांगलेला असे: सकाळ-संध्याकाळचा ताप, नाडी, श्वास, आणि तापाचे ठिपके जोडणारी रेघ. चौलकर नऊला यायचे, खाटेच्या पायाशी उभे राहायचे, रेघ वाचायचे आणि पुढे जायचे. "रोगी खोटं बोलतो, तक्ता बोलत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य होतं.

तक्ते भरायचं काम माझं होतं. आणि तक्ता किती खोटं बोलतो हे मुंबईच्या वॉर्डात आठवड्याभरात शिकलो होतो. चाळीस खाटा, एक इंटर्न, दोन थर्मामीटर. आमच्या आधीच्या वर्षाची मुलं आम्हाला सांगायची, ताप बघायचा नसतो, घालायचा असतो. रोग्याच्या तोंडाकडे बघून आकडा घालायचा, रेघ ओढायची. शंभरातून नव्याण्णव वेळा तो बरोबर येतो. सगळेच करायचे, मीही करायचो, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. आता वाटते.

राहीला फेब्रुवारीत आणलं. कोळीवाड्यातली, एकोणीस-वीस वर्षांची. बाळंत होऊन बारा दिवस झाले होते आणि ताप एकशे चारला गेला होता. नवरा हरेश्वर तिला पाठीवर घेऊन आला. मागून सासू वेणूबाई, तिच्या पदरात गुंडाळलेली मुलगी. वेणूबाई मला म्हणाली, "डाक्टर, ही गेली तर पोर बी जाईल. पोर वरचा दूध पीत न्हाय."

तिला आठ नंबरची खाट दिली. पेनिसिलिन होतं. दर सहा तासांनी मी स्वतः सुई टोचली. पाच दिवस ती बरळत होती, सहाव्या दिवशी ताप एकशे एकवर आला, आठव्या दिवशी शंभरावर. नवव्या दिवशी तिनं मुलीला मागून घेतलं आणि छातीशी लावलं. मी कॉलेजात पदकं मिळवली होती, पण त्या दिवशीइतका आनंद मला कधीच झाला नव्हता. ही माझी पहिली रोगी, जिला मी वाचवलं असं मला वाटलं.

तो शनिवार होता. इंटर्नचं वर्ष संपलं की हाउसमनची, म्हणजे इस्पितळातल्या निवासी डॉक्टरची, जागा मिळवावी लागते, आणि ती मागायला कॉलेजातल्या माझ्या सरांनी मला रविवारी सकाळी मुंबईत घरी बोलावलं होतं. रजा मागायची सोय नव्हती. चौलकर अलिबागला देवीच्या लशीच्या बैठकीला गेले होते, ते सोमवारी नऊला येणार होते. मी ठरवलं, दुपारच्या लाँचनं जायचं आणि सोमवारी पहिल्या लाँचनं परत यायचं. मनुबाईंना थर्मामीटर वाचता येत नव्हता, म्हणजे त्यांची दृष्टी अधू झाली होती आणि त्या ते कबूल करत नव्हत्या. तक्ते कोरे राहिले असते तर चौलकरांना कळलं असतं, आणि माझ्या कागदावर सही झाली नसती.

मग मी खुर्ची घेऊन बसलो आणि शनिवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंतचे आकडे भरून टाकले. तीन नंबरच्या अंबाजीला, म्हाताऱ्याला न्यूमोनिया होता, नव्याण्णवच्या आसपास ठेवलं. पाच नंबरच्या गुणाजीला, मिठागरात काम करून त्याचा पाय सडला होता, रविवारी संध्याकाळी एकशे दोन घातला. सगळेच तक्ते गुळगुळीत दिसले तर संशय येतो, म्हणून. सात तक्ते झाले. आठवा हातात घेतला तेवढ्यात मनुबाई दारात आल्या. "येस्टी उभी हाय, छोटे डॉक्टर. जायचं तर निघा."

राहीचा तक्ता मी तसाच खिळ्याला अडकवला. तिला बरं वाटत होतं. ती माझ्याकडे बघत होती.

सरांनी जागेचं आश्वासन दिलं. सोमवारी भाऊच्या धक्क्यावरून पहिली लाँच पकडली आणि आठ वाजता मी वॉर्डात होतो. मनुबाई नेहमीप्रमाणे टोमणा मारतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसतं दार उघडून दिलं.

"सगळं ठीक?"

"गुणाजीला काल सांजच्याला हुडहुडी भरली. तीन घोंगड्या घातल्या." त्या म्हणाल्या. "आता उतरलाय."

मी हसण्यावारी नेलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. पण चौलकर यायला तासभर होता, म्हणून थर्मामीटर काढला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पहिले दोन बरोबर आले. तीन नंबरला अंबाजीचा ताप नव्याण्णव पूर्णांक दोन. नाडी अठ्ठ्याऐंशी. तक्त्यावर मी शनिवारी लिहिलं होतं: नव्याण्णव पूर्णांक दोन, अठ्ठ्याऐंशी. चार नंबर बरोबर आला. पाच, सहा, सात, सगळे बरोबर आले, दशांशासकट. असा योगायोग एका खाटेला होतो. सात खाटांना होत नाही.

मनुबाई माझ्या मागून चालत होत्या. आठ नंबरपाशी त्यांनी पाऊल टाकलं नाही. "ती गार लागते," त्या हळूच म्हणाल्या.

राही खाटेवर बसून केस विंचरत होती. मुलगी मांडीवर रडत होती. राहीचा चेहरा साधा होता, थोडा थकलेला. मी तिच्या जिभेखाली थर्मामीटर दिला आणि घड्याळ काढून मनगट धरलं.

नाडी नव्हती.

मी बोटं हलवली, पुन्हा दाबली. दुसरं मनगट धरलं. मग मान. मग स्टेथोस्कोप लावला आणि श्वास रोखून ऐकलं. आत काहीच नव्हतं, हलकासा आवाजही नाही. थर्मामीटर काढला तर पारा तळच्या फुगीर भागातून वर चढलेलाच नव्हता.

"मना बरा वाटतंय," राही म्हणाली. "पन पोर पीत न्हाय. दूध गार येतंय."

मी मुलीच्या ओठावरचा थेंब बोटावर घेतला. तो विहिरीच्या पाण्यासारखा गार होता.

पुस्तकातलं एकही पान आठवेना. राहीनं खाटेच्या पायाकडे बोट दाखवलं. तिला अक्षरओळख नव्हती, पण रेघ दिसत होती.

"समद्यांची फुडं काढलीत. माझी मधीच का सोडलीत?"

मी तक्ता काढला. शनिवार संध्याकाळ: नव्याण्णव पूर्णांक चार, नाडी ब्याण्णव. रविवार सकाळ. रविवार संध्याकाळ. सोमवार सकाळ: अठ्ठ्याण्णव पूर्णांक आठ, नाडी चौऱ्याऐंशी. ठिपके जोडले. शेवटच्या ठिपक्याला रेघ टेकली तेव्हा माझ्या डाव्या हाताचं बोट तिच्या मनगटावर होतं, आणि त्याखाली काहीतरी ठोकलं.

मी मिनिटभर मोजलं. चौऱ्याऐंशी.

नऊ वाजता चौलकर आले. आठ नंबरच्या पायाशी उभे राहिले, रेघ वाचली. "छान उतरतोय," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मी शास्त्राचा माणूस होतो, निदान स्वतःला तसा समजत होतो. त्या संध्याकाळी मी मुद्दाम काही लिहिलं नाही. सहा वाजता तिचं मनगट निर्जीव झालं आणि मुलगी रडू लागली. आकडे लिहिले, ठोका परत आला. दुसऱ्या दिवशी मनुबाईंचा हात धरून त्यांच्याकडून ठिपका काढून घेतला. काही झालं नाही. मी काढला, ठोका आला. तिसऱ्यांदा प्रयोग करायची माझी छाती झाली नाही. बाकीच्या खाटांचे तक्ते मी त्या दिवसापासून इमानानं, थर्मामीटर लावून भरले, आणि ते लोक आपापल्या नशिबानं बरे झाले किंवा गेले. एकट्या राहीची रेघ माझ्या हातात राहिली. का, ते मला आजही माहीत नाही.

मार्चमध्ये चौलकरांनी तिला घरी सोडलं. तीन आठवडे सरळ रेघ होती, ठेवायचं कारणच नव्हतं. तिचा तक्ता कपाटात जायचा होता. मी तो शर्टाच्या आत घातला आणि कोऱ्या तक्त्यांचा एक गठ्ठाही उचलला. निघताना कोळीवाड्यात जाऊन राहीला एवढंच सांगितलं, "मी रोज काढीन."

"विसरू नका," ती म्हणाली.

मी विसरलो नाही. मुंबईत हाउसमन झालो, मग रजिस्ट्रार. सकाळी सहा, संध्याकाळी सहा. लग्नाला गेलो तरी खिशात तक्ता. माझं स्वतःचं लग्न त्यापायीच मोडलं असं म्हणता येईल. कोणत्या मुलीला असला नवरा हवा असतो? दर दोन-तीन महिन्यांनी लाँचनं रेवसला जायचो आणि तिची नाडी बघून यायचो. ती शहात्तर असायची, मी लिहिलेली. मुलीचं नाव त्यांनी तुळशी ठेवलं होतं. ती माझ्या पायाशी खेळायची, आणि मला वाटायचं, हे एक काम तरी आपण नीट करतो आहोत.

एकसष्टच्या पावसाळ्यात मला विषमज्वर झाला. नऊ दिवस शुद्ध नव्हती. माझी आशा सोडली होती असं मित्रांनी नंतर सांगितलं. दहाव्या दिवशी दुपारी ताप अचानक उतरला. डोळे उघडल्यावर मी पाणी मागितलं नाही, तक्ता मागितला. अठरा रकाने कोरे होते. ते भरले आणि पुन्हा निपचित पडलो.

चालता येऊ लागल्यावर पहिल्यांदा तिच्याकडे गेलो. समुद्र खवळलेला असल्यानं लाँच बंद होती, पेणवरून एस.टी.नं गेलो. राही चुलीपाशी बसली होती. तिचा हात गरम होता.

"नऊ दीस गार हुते मी," ती म्हणाली. "तुळशी कुशीत येत न्हवती. हिच्या बापाला वाटला, वारं लागलंय."

"मला ताप होता, राही."

"ठावं हाय." तिनं चुलीमागच्या भिंतीकडे बघितलं. तिथं कोळशानं एक रेघ काढलेली होती, वर-खाली, माझ्या तक्त्यावर असायची तशी. "माझी मीच काढून बघितली. नाय लागली. मंग इचार केला, डाक्टर थांबलं म्हंजी डाक्टरलाच कायतरी झालं. म्हनून तुमची काढली."

तिनं ती कधी सुरू केली ते मी विचारलं. तो माझा ताप उतरल्याचा दिवस होता. दुपार होती.

"आता रोज काढीन," ती म्हणाली. "तुमी माझी काढा."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, गेल्या तीन वर्षांत पहिल्यांदाच मी एकटा नव्हतो. पण पुढच्याच महिन्यात एका सकाळी शस्त्रक्रियेआधी हात धुताना मनगटाला स्वतःचीच बोटं लागली आणि तिथं काहीही नव्हतं. तासाभरानं ठोका आला. मागून कळलं की राही त्या दिवशी एका लग्नघरी होती आणि तिला उशीर झाला होता.

नोकरी सोडून मी त्या गावात दवाखाना टाकला. लोकांना वाटलं, डॉक्टर भला माणूस, मुंबई सोडून गरिबांत आला. मी रोज संध्याकाळी कोळीवाड्यात फेरी मारायचो आणि चुलीमागची भिंत बघून यायचो. अशी तीन वर्षं गेली.

यंदा शिमग्याच्या आधी राहीला सुकी मासळी घेऊन मुंबईला जायचं होतं. हरेश्वर बोटीवर होता. जायच्या दिवशी ती दवाखान्यात येऊन गेली.

"तीन दिसांची फुडची काढून ठेवलीय तुमची," ती म्हणाली. "काळजी करू नका."

मी तिची नाडी पाहिली. शहात्तर. मग ती लाँचकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गर्दी होती. एका म्हातारीचं पोट तपासत होतो. तिनं अंग चोरून घेतलं आणि म्हणाली, "डाक्टर, हात किती गार तुमचं."

मी तसाच उठलो आणि कोळीवाड्यात गेलो.

शिमगा म्हणजे त्यांचा मोठा सण. त्याआधी घर आतून-बाहेरून पांढरं करायचं, हा तिथला रिवाज. वेणूबाई चुन्याची बादली घेऊन चुलीमागं बसली होती. भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत स्वच्छ होती आणि अजून ओली होती.

"लय काला झाला हुता," ती म्हणाली. "सुनंला कवाची सांगत हुते, पूस म्हनून."

तिची काय चूक?

घरी येऊन राहीचा तक्ता काढला. सहा वाजता लिहिला, दुसऱ्या दिवशीही दोन्ही वेळा लिहिला. अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार, शहात्तर. आकडे नेहमीसारखेच उमटले. पण लिहिणाऱ्या हातात ठोका नव्हता, आणि असा हात तक्ता भरू शकतो का, हे मला कोण सांगणार होतं? मुंबई समुद्रापलीकडे होती.

आज दुपारी वेणूबाई दारात आली. "राही आलीय. गार लागतंय म्हनते. तुळशी जवळ जात न्हाय."

मी तक्ता घेऊन गेलो. राही त्याच भिंतीपाशी बसली होती, हातात कोळसा. तिनं पांढऱ्या चुन्यावर माझी रेघ काढली. मी तिची काढली. मग तिनं पुन्हा काढली, जरा जोरानं, तेव्हा कोळसा मोडला.

तुळशी ओट्यावर आजीच्या पदराआड उभी राहून आमच्याकडे बघत होती.

आम्ही समोरासमोर बसलो. तिनं माझं मनगट धरलं, मी तिचं. मी घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवलं. सेकंदकाटा एक फेरी पुरी करून दुसऱ्या फेरीला लागला.

"लागतंय काय?" राहीनं विचारलं.

"मोजतोय," मी म्हणालो.